पवनचक्की आणि पंचक्रोशी



विजेचा इतिहास सांगावयाचा म्हटला की व्याख्याते सहसा धरणापासून नाहीतर कोळशाच्या खाणीपासून प्रारंभ करतात. आपल्याकडे तर कोयनेचे नाव घेतल्यावाचून ही कथा पुढे सरकतच नाही. आज आम्ही तुम्हाला जेथे धरण बांधावयास डोंगर नाही आणि खणावयास दगडी कोळसाही नाही, अशा एका लहानशा देशात नेणार आहोत. डेन्मार्कमधील सर्वांत उंच नैसर्गिक टेकडी सुमारे 171 मीटरांची. आपल्या कळसूबाईच्या 1,646 मीटरांपुढे तिला टेकाड म्हणणेही जड जाते. देश सपाट, जिकडे तिकडे समुद्र, आणि पश्चिमेकडून बाराही महिने वाहणारा वारा. ह्या वाऱ्यातून त्या देशाने वीज कशी काढली, पवनचक्क्यांच्या जागा कोणी ठरवल्या आणि त्या जागेच्या आसपास राहणाऱ्या माणसाच्या पदरात त्यातून काय पडले, हा आमचा आजचा विषय.

आमचे आयुष्य कामगार चळवळीत गेले. यंत्र दिसले की ते चालवतो कोण आणि त्याची मिळकत जाते कोणाच्या खिशात, हा प्रश्न आम्हाला आधी सुचतो. यंत्रशास्त्र आम्ही शाळेत शिकलो नाही. जे थोडेबहुत कळते ते रात्रपाळीनंतर वाचून आणि कारखान्यातील फिटरमंडळींना विचारून. पण आजच्या कथेतील बरीच पात्रे आमच्यासारखीच आहेत, म्हणून ती सांगण्याचा धीर होतो.

पहिले पात्र मात्र पंडिताचे. पॉल ला कूर यांचा जन्म 1846 चा. ते पदार्थवैज्ञानिक होते, डेन्मार्कच्या हवामान खात्यात उपसंचालकाच्या हुद्द्यावर होते, तारायंत्राच्या क्षेत्रात त्यांनी शोध लावले होते. असा मनुष्य राजधानीतील मानाची जागा सोडून 1878 मध्ये आस्कोव नावाच्या खेड्यात मास्तर होऊन गेला. ही शाळा म्हणजे तेथील ‘लोकशाळा’. ग्रुंटविग नावाच्या धर्मोपदेशकाच्या विचारांतून डेन्मार्कमध्ये अशा शाळा निघाल्या होत्या. शेतकऱ्यांची तरुण मुले तेथे येऊन राहावयाची, इतिहास, भाषा, विज्ञान शिकावयाची आणि परत आपल्या शेतावर जावयाची. परीक्षा नाही, पदवी नाही. आमच्यासारख्या कोणतीही परीक्षा न दिलेल्या माणसाला ह्या शाळांविषयी वाटणारा जिव्हाळा तुम्ही समजून घ्याल.

ला कूर यांना एक चिंता होती. वीज येऊ घातली होती, पण ती शहरांत येणार हे दिसत होते. शहरात दिवे लागणार, शहरातील कारखान्यांना मोटारी मिळणार, आणि खेड्यातील लोहार, सुतार, शेतकरी मागे पडून शेवटी शहराच्या वाटेला लागणार. हे टाळावयाचे तर खेड्याला आपली वीज हवी, आणि खेड्याजवळ फुकटची अशी एकच शक्ती होती, ती म्हणजे वारा. सरकारी अनुदान मिळवून त्यांनी 1891 मध्ये आस्कोव येथे प्रयोगाची पवनचक्की उभारली आणि तिला डायनॅमो जोडला.

अडचण तात्काळ पुढे आली. वारा आला की उजेड, वारा पडला की अंधार. आजही पवनऊर्जेच्या विरोधात हाच मुद्दा प्रथम मांडला जातो. ला कूर यांनी काढलेला तोड असा : वाऱ्याच्या विजेने पाण्याचे विघटन करावयाचे, निघालेला हायड्रोजन टाकीत साठवावयाचा आणि रात्री त्याच्यावर दिवे लावावयाचे. 1895 पासून 1902 पर्यंत आस्कोवची शाळा अशा दिव्यांनी उजळत होती. हायड्रोजनात थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट व्हावयाचा आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटावयाच्या. त्या काचा त्यांना अनेकदा नव्या बसवाव्या लागल्या. हल्ली ‘हरित हायड्रोजन’ हा शब्द वृत्तपत्रांतून रोज वाचावयास मिळतो, तेव्हा आम्हाला ह्या फुटक्या काचांची आठवण होते.

वारा कमीजास्त झाला तरी डायनॅमो एकसारखा फिरावा म्हणून त्यांनी एक नियामक यंत्र तयार केले. पुढे वाऱ्याचा झोत सोडता येईल असे नळकांडे करून त्यात पात्यांचे छोटे नमुने तपासले, आणि पुष्कळ पाती लावण्यापेक्षा थोडी पण वेगाने फिरणारी पाती वीज काढावयास अधिक उपयोगी पडतात हे दाखवून दिले. आमच्या मते मात्र त्यांचे खरे मोठे काम 1903 नंतरचे. त्या वर्षी त्यांनी पवनविद्युत संघ काढला आणि 1904 पासून खेड्यातील मुलांना वीजतंत्री बनविण्याचे वर्ग आस्कोव येथे सुरू केले. यंत्र एका गावात उभे करणे एक, आणि ते दुरुस्त करणारी माणसे गावोगाव तयार करणे दुसरे. ला कूर 1908 मध्ये वारले. 1918 च्या सुमारास डेन्मार्कमधील सुमारे 120 स्थानिक वीजकेंद्रांत पवनचक्की होती. एकेकीची शक्ती 20 ते 35 किलोवॅट, सर्वांची मिळून सुमारे 3 मेगावॅट, आणि देशाच्या विजेतील त्यांचा वाटा सुमारे 3 टक्के.

पुढची काही दशके थोडक्यात सांगतो. महायुद्ध आले, तेल-कोळशाची जहाजे थांबली की डेन्मार्कला वाऱ्याची आठवण होई. युद्ध संपले, स्वस्त तेल आले की ती विसरली जाई. दोन्ही महायुद्धांत हेच घडले.

ला कूर यांच्या 1904 च्या वर्गात योहानेस यूल नावाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. तो वीजतंत्री झाला आणि पुढे एका वीजकंपनीत काम करू लागला. विद्यापीठाची अभियांत्रिकी पदवी त्याच्याजवळ नव्हती. साठी ओलांडल्यावर ह्या गृहस्थाने पुन्हा पवनचक्कीचा ध्यास घेतला. आधी दोन लहान यंत्रांवर प्रयोग करून 1957 मध्ये, म्हणजे वयाच्या सत्तरीत, त्यांनी गेडसर येथे 200 किलोवॅटची पवनचक्की उभी केली. खर्चाला मार्शल योजनेतून पैसा मिळाला होता.

गेडसर हे फॉल्स्टर बेटाचे अगदी दक्षिण टोक. तेथेच का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला पाच मीटरांचा वारा आणि सहा मीटरांचा वारा अंगावर घेतला तर फरक कळणारही नाही, पण यंत्राला तो पाऊणपट जादा मिळकतीचा असतो. म्हणून पवनचक्कीच्या धंद्यात जागा हे निम्मे भांडवल. पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याला अडथळा नसतो. झाडे, घरे, कुंपणे यांवरून येणारा वारा मंदावतो आणि घोळतोही. गेडसरला समुद्र जवळ, वारा मोकळा. यूल यांच्या चक्कीला तीन पाती होती, वेग मर्यादेबाहेर गेला तर पात्यांची टोके आपोआप वळून ब्रेकचे काम करीत, आणि तिची वीज सरळ सार्वजनिक तारांत जात असे. ती 1967 पर्यंत चालली आणि देखभाल फारशी मागितली नाही. मग तेलापुढे परवडत नाही म्हणून ती थांबवण्यात आली. यूल 1969 मध्ये वारले.

चारच वर्षांनी, 1973 मध्ये, अरब राष्ट्रांनी तेलाची कोंडी केली. डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून अधिक ऊर्जा परदेशी तेलावर चालत होती. रविवारी मोटारी चालवण्यास बंदी झाली आणि मोकळ्या रस्त्यांवर लोक सायकली घेऊन निघाले. सरकार व वीजकंपन्या यांचे मत अणुऊर्जेकडे झुकले. लोकांतून त्याला विरोध झाला आणि विरोध करणाऱ्यांना सहजच विचारण्यात आले की, मग तुमचा पर्याय कोणता ?

पर्याय सुतारांनी व लोहारांनी दिला. ही अतिशयोक्ती नव्हे. क्रिस्तियान रीसागेर हा सुतार. त्याने गेडसरचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून 1975-76 च्या सुमारास घराशेजारी 22 किलोवॅटची चक्की उभारली आणि ती सार्वजनिक तारांना जोडली. कार्ल एरिक यॉर्गेन्सन हा लोहार. त्याने हेन्रिक स्टीस्डाल ह्या तरुणाबरोबर बनवलेले तीन पात्यांचे यंत्र 1979 मध्ये वेस्टास कंपनीने घेतले. ही कंपनी आज जगभर प्रसिद्ध आहे, पण तिचे मूळही 1898 सालच्या एका खेडेगावच्या लोहारशाळेत आहे. उल्फबोर्गजवळच्या त्विंद येथील शिक्षकांनी आपले पगार एकत्र केले, शेकडो स्वयंसेवक जमवले आणि तीन वर्षे खपून 53 मीटर उंच काँक्रीटचा मनोरा असलेली 2 मेगावॅट क्षमतेची चक्की मार्च 1978 मध्ये चालू केली. ह्या शाळासमूहाच्या चालकांविषयी पुढे बरेच वाद झाले, खटले झाले. त्यांचे समर्थन करण्याचे आम्हाला कारण नाही. चक्की मात्र उत्तम होती, आणि चार दशकांनंतरही चालत राहिली.

शेजारच्या जर्मनीत सरकारने ह्याच काळात मोठ्या कंपन्या व मोठे शास्त्रज्ञ हाताशी धरून 3 मेगावॅटचे अजस्र यंत्र बांधले. त्याचे नाव ग्रोवियान. 1983 मध्ये ते उभे राहिले, सगळे मिळून सुमारे 420 तास फिरले आणि 1988 पर्यंत मोडीतही निघाले. विद्वत्तेला आम्ही नावे ठेवीत नाही. परंतु ज्या माणसाला यंत्र बिघडल्यावर स्वतः शिडी चढून वर जावयाचे असते, तो ते निराळ्या तऱ्हेने बांधतो, हे प्रत्येक फिटरला ठाऊक आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. 1979 पासून डॅनिश सरकारने पवनचक्कीच्या किमतीचा 30 टक्के भाग अनुदान म्हणून देण्यास प्रारंभ केला. यंत्र रीसो येथील सरकारी चाचणी केंद्राने मान्य केलेले असावे अशी अट होती, त्यामुळे भुरटा माल बाजारात टिकला नाही. परंतु एकट्या शेतकऱ्याला अनुदान धरूनही चक्की परवडत नसे. तेव्हा गावकऱ्यांनी सहकारी मंडळ्या काढल्या. डेन्मार्कच्या शेतकऱ्याला हे नवे नव्हते. तेथील पहिली सहकारी दूधडेअरी 1882 सालची. दहावीस, कधी पन्नास घरे एकत्र येत, भाग विकत घेत, बँकेचे कर्ज काढीत आणि गावाच्या कडेला एक चक्की उभी करीत. 1990 च्या दशकाअखेर अशा भागीदार कुटुंबांची संख्या एक लाखावर गेली होती. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा आजच्या मुंबईच्या निम्म्याहूनही कमी होती.

ह्या व्यवस्थेत एक अट होती, ती आम्हाला साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाची वाटते. प्रारंभी भागीदार हा चक्कीपासून तीन किलोमीटरांच्या आत राहणारा असावा लागे. पुढे हे अंतर दहा किलोमीटर झाले, आणखी पुढे अधिक सैल झाले. ह्या अटीचा अर्थ ध्यानी घ्या. ज्याच्या खिडकीतून ती चक्की दिसते, ज्याच्या कानावर तिचा आवाज पडतो, ज्याच्या अंगणातून पात्यांची सावली फिरते, तोच तिचा मालक. पुण्यामुंबईचा पैसेवाला येऊन माळावर चक्की रोवून जाईल, ही सोयच कायद्याने ठेवली नव्हती. साहजिकच जागा ठरवण्याची बोलणी गावच्या सभागृहात होत. अमुक शेतात वारा चांगला, पण तमक्याच्या घराला ती फार जवळ पडते. पश्चिम जटलंडमध्ये उडती वाळू थोपवण्यासाठी जुन्या लोकांनी झाडांचे लांबच लांब बांध लावले होते, त्यांच्या आडोशाला चक्की नको. दोन चक्क्या लावावयाच्या तर एकीने दुसरीचा वारा खाऊ नये म्हणून मध्ये पात्यांच्या व्यासाच्या पाचसातपट अंतर हवे. कालांतराने नियम झाला की, यंत्राच्या एकूण उंचीच्या चौपट अंतराच्या आत शेजाऱ्याचे घर असता कामा नये. वाऱ्याचा हिशेबही पक्का होत गेला. रीसोच्या संशोधकांनी 1989 मध्ये साऱ्या पश्चिम युरोपसाठी वाऱ्याचा नकाशासंग्रह प्रसिद्ध केला.

वीजकंपन्यांशी भांडणे झालीच. तारा जोडण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, विजेला दर काय द्यावयाचा. चक्कीमालकांनी 1978 मध्येच आपला संघ काढला होता आणि तो आमच्या युनियनांसारखाच टेबलाशी बसून घासाघीस करीत असे. अखेर 1992 च्या कायद्याने स्थानिक ग्राहकाच्या दराच्या सुमारे 85 टक्के दर त्यांना मिळू लागला. त्याआधी, मार्च 1985 मध्ये, तेथील संसदेने अणुऊर्जा आपल्या नियोजनातून वगळली होती.

ह्याच काळात कॅलिफोर्नियात काय चालले होते ते पाहण्यासारखे आहे. तेथे पवनचक्कीवर पैसा गुंतवणाऱ्याला भरघोस करसवलत मिळे. दूरच्या शहरांतील डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी कर वाचवण्यासाठी पैसा ओतला. अल्टामाँट नावाच्या खिंडीच्या टेकड्यांवर हजारो यंत्रे दाटीवाटीने उभी राहिली. कित्येक यंत्रे निकृष्ट होती. मालकाने ती कधी पाहिलेलीही नसत. सोनेरी गरुडांचा तो टापू आहे याचा विचार आधी कोणी केला नाही, आणि पुढे वर्षानुवर्षे गरुड पात्यांत सापडून मरत राहिले. 1985 च्या अखेरीस सवलत संपली आणि बाजार एकदम बसला. डॅनिश यंत्रे तेथे मोठ्या प्रमाणात जात असल्यामुळे वेस्टासचे 1986 मध्ये दिवाळे वाजले आणि 1987 मध्ये तिची नव्याने उभारणी करावी लागली. नफा सवलतीत होता, वाऱ्यात नव्हताच. म्हणून सवलतीबरोबर तो गेला.

डेन्मार्कच्या ह्या कथेचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. 1986 मध्ये भारत सरकारने गुजरातेत ओखा येथे, तमिळनाडूत आणि आपल्या कोकणकिनाऱ्यावर पवनऊर्जेचे पहिले प्रात्यक्षिक प्रकल्प उभारले. यंत्रे वेस्टासची, 55 किलोवॅटची. देवगडच्या मंडळींना ‘पवनचक्की’ शब्दाचा अर्थ विचारावा लागत नाही. भारतातील वाऱ्याची मोजदाद हेही एक मोठे काम होते, ते अण्णा मणी ह्या हवामानशास्त्रज्ञ बाईंनी केले. जागोजाग मनोरे उभारून वर्षानुवर्षे नोंदी घेतल्याशिवाय जागा ठरत नाहीत, आणि त्या नोंदींचा पाया त्यांनी घातला.

मग सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे, चाळकेवाडीची पठारे आली, धुळे जिल्ह्यातील साक्रीकडचे माळ आले. यंत्र डेन्मार्कहून आले, पण तीन किलोमीटरांची ती अट मात्र जहाजात चढली नाही. पठारावर काही पिकत नाही, ही पडीक जमीन, असे शेतकऱ्याला सांगितले जाते आणि दलालांच्या साखळीतून ती हातोहात जाते. खरी गोष्ट अशी की, पावसाचा मारा आणि वाऱ्याचा जोर ह्यांमुळे जेथे पीक धरत नाही, नेमकी तीच जमीन पवनचक्कीच्या हिशेबाने बागायतीपेक्षा मोलाची असते. हे विकणाऱ्याला ठाऊक नसते, घेणाऱ्याला असते. आम्ही अशा काही गावांत बैठका घेतल्या आहेत. लोकांची पहिली तक्रार भावाची नसते. ‘आम्हाला कुणी इचारलंच न्हाई’, ही असते. रखवालदाराची नोकरी कंत्राटदारामार्फत, तीही दोनचार जणांना. यंत्राच्या पोटात शिरून काम करणारा तंत्रज्ञ बाहेरचा. गावातील मुलांना ते शिकवण्याचा वर्ग कोणी काढला नाही, आणि येथे आम्हाला 1904 चा आस्कोव आठवतो.

जागेच्या व्यवहारात पंचक्रोशीचा हिस्सा नसला की तेथे दुसरेच लोक हिस्सा मागावयास येतात. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाच्या कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी तिचा संबंध असल्याचे तपास करणाऱ्यांनी आरोपपत्रात म्हटले. निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे, त्यावर येथे बोलणे योग्य नव्हे. पण वाऱ्याच्या विजेला धूर नसतो एवढ्यावरून तिच्या जागेचा व्यवहार स्वच्छ असतो असे समजू नये. प्रवरानगरच्या शेतकऱ्यांनी 1950 मध्ये सहकारी साखर कारखाना चालू करून दाखवला, त्याच महाराष्ट्रात पन्नास घरांची एखादी पवनचक्की आपल्याला का सुचली नाही, हा प्रश्न सहकाराच्या पुढाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

डेन्मार्कमध्ये सारे गोकुळ आहे असा समज आम्ही करून देणार नाही. यंत्रे मोठी झाली, एकेकाची किंमत गावाच्या आवाक्याबाहेर गेली. मोठ्या कंपन्या पुढे आल्या, सहकारी मंडळ्यांचा वाटा घटला आणि त्याबरोबर गावोगाव विरोध वाढला. तेव्हा 2009 पासून कायदाच करावा लागला की, नव्या प्रकल्पातील 20 टक्के भाग साडेचार किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यांना विकावयास काढले पाहिजेत. 2020 मध्ये ती तरतूद जाऊन शेजाऱ्यांना दरसाल रक्कम देण्यासारख्या तरतुदी आल्या. भागीदाराचा हळूहळू भरपाईदार झाला. हा बदल आम्हाला चांगला वाटत नाही. पण वीज वाढली हे खरे. आज त्या देशातील विजेपैकी निम्म्याहून अधिक वाऱ्याची आहे.

जमिनीवर जागा अपुरी पडू लागली तसे ते समुद्रात उतरले. 1991 मध्ये लोलँड बेटाजवळ विंडेबी येथे 11 यंत्रांचे जगातील पहिले सागरी पवनक्षेत्र झाले. 2017 मध्ये आयुष्य संपल्यावर ते उतरवण्यात आले. परंतु ज्याची हकीगत सांगावी असे क्षेत्र म्हणजे मिडलग्रुंडेन. कोपनहेगन बंदरापासून सुमारे साडेतीन किलोमीटरांवर उथळ समुद्राचा एक पट्टा आहे. बंदरातील गाळ टाकण्याची ती जुनी जागा होती, म्हणजे कोणाच्या डोळ्यांत भरावी अशी नव्हे. तेथे तीन ओळींत 27 यंत्रे लावण्याची मूळ योजना होती. ती लोकांपुढे सुनावणीस ठेवली. राजधानीचे दर्शन बिघडेल अशी तक्रार आली. भांडणे झाली, चित्रे काढून दाखवण्यात आली, आणि शेवटी 20 यंत्रांची एकच वक्र ओळ ठरली. 2000 मध्ये ती उभी राहिली. प्रत्येक यंत्र 2 मेगावॅटचे, एकूण 40. निम्मी मालकी नगरपालिकेच्या वीजसंस्थेची, निम्मी सहकारी मंडळीची. तिचे सुमारे साडेआठ हजार सभासद बहुतेक त्याच शहरातले व आसपासचे.

ह्या यंत्रांचे काँक्रीटचे पाये समुद्रात नेऊन बसवावयाचे होते, तेव्हा ते ओतावयास मोठी जागा हवी होती. बंदराशेजारीच बुर्मायस्टर आणि वाईन ह्या प्रसिद्ध जहाजकारखान्याची कोरडी गोदी रिकामी पडली होती. एके काळी हजारो कामगारांचे पोट त्या कारखान्यावर चाले. तेथील कामगार संघटना डेन्मार्कमधील सर्वांत लढाऊ संघटनांपैकी एक समजली जाई. 1996 मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले होते. जेथे जहाजे बांधली जात त्याच गोदीत ते वीस पाये ओतले गेले.